तिसरी वळत नाही

“तिला बोलावलीसच कशाला म्हणते मी? आता तिच्या कपाळाला बोट मी लावायचं आणि पाप कुणाच्या पदरात?”

“हळू बोल गो. भिंतीक भोकां आसत.”

भिंतीला भोकं होतीच. त्यातल्याच एका भोकाच्या अलीकडे, मोरीत, गुणाजी राखुंडीचं बोट तोंडात धरून उभा होता आणि दात घासायचं विसरला होता. पलीकडे गॅलरीत त्याची बायको अंबिका आणि शेजारची सुभद्रा फुटाणे निवडत बसल्या होत्या. श्रावणातला शुक्रवार, चाळीतल्या सवाष्णी हळदीकुंकवाला आणि दूध-फुटाण्याला यायच्या होत्या.

“नाय बोलवूक तर तिका सांगू काय?” अंबिका म्हणाली. “सांगणाऱ्यान आधी सांगाक होया. तो बसलो हा लोकांका जपानची चित्रां समजावीत.”

गुणाजीनं चूळ भरली ती आवाज न करता. स्वतःच्या घरात चोरासारखी चूळ भरायची वेळ त्याच्यावर आषाढापासून आली होती.

ज्या बाईबद्दल ही कुजबुज चालली होती ती मंजुळा, टोकाच्या खोलीतली. गिरणीत रीळ खात्यात कामाला. तिचा नवरा जयवंत वेंगुर्ल्याचा, दर्यावर वाढलेला, कापूस घेऊन जपानला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी. वर्षातून एकदोनदा घरी येई तेव्हा चाळीत त्याच्या हाताला चैन नसे. जे दिसेल त्याला तो दोरी बांधी आणि तिला एक गाठ मारी. मंजुळेच्या बादलीच्या दोराला ती गाठ, कंदिलाच्या आकड्याला ती गाठ. दिसायला उलट्या शिंपल्यासारखी. चाळीत दुसऱ्या कुणाला ती मारता येत नसे, आणि सोडवायची म्हटलं तर विळीच घ्यावी लागे.

तर हा जयवंत परतीच्या वाटेवर, बोटीतच, तापानं वारला. आषाढात ही बातमी आली. चाळीत ती सगळ्यांना ठाऊक होती. मंजुळेला सोडून.

आता कुणी म्हणेल, हे कसं शक्य आहे? पण परळच्या त्या चाळीला न सांगण्याची सवय होती. गाठीच्या तापाच्या साथीत तिनं ती अंगी बाणवली होती. घरं तपासायला सरकारी माणसं आली की आत कण्हणारा म्हातारा ‘गावी गेलाय’. अंगावर गाठ आलेली सून ‘गावी गेलीय’. पहाटे गुपचूप पोचवलेला माणूससुद्धा ‘गावी गेलाय’. तपासणीवाला एकदा वैतागून म्हणाला होता, “तुमच्या गावाला आता पाय ठेवायला तरी जागा उरली असेल काय?” साथ ओसरली, भिंतींवर नवा चुना चढला, पण जिभा होत्या तिथेच राहिल्या. मेलेल्याला मेला म्हणायचं नाही, हा जणू चाळीचा कुळाचारच होऊन बसला.

त्या संध्याकाळी मंजुळा आली. हातात हिरव्या बांगड्या, अंबाड्यात जाईचा गजरा. कुंकवाचा करंडा सुभद्रेच्या हातात होता. सुभद्रेला एकाएकी ठसका लागला, मग कंबरेत लचक भरली, मग चुलीवरचं दूध आठवलं, आणि करंडा तसाच खाली ठेवून ती निघून गेली. उरलेल्या बायका फुटाण्यांकडे असं बघत राहिल्या, जणू ते फुटाणे मोजून सासूला हिशोब द्यायचा आहे.

मंजुळा करंड्याकडे बघत होती. मग तिनं स्वतःच बोट बुडवलं आणि कपाळाला लावलं.

“माझा मीच लावतंय,” ती हसून म्हणाली. “तुमचे हात गुंतलेले आसत.”

दाराआड उभ्या गुणाजीनं मान खाली घातली. तेवढ्यात तिनं त्यालाच हाक मारली.

“भावजी, तुमच्या खेळात जपान दाखवतत म्हणे? रीळ खात्यातली माका रोज चिडवतत, तुझ्या घोवाचो मुलूख आमी बघून इलंव म्हणान. आयतवारी बायकांचो खेळ असा ना? माका बघूचो असा.”

“काय बघण्यासारख्या नाय, वयनी. पांढऱ्या पडद्यार काळ्या सावल्यो.”

“असूंदेत सावल्यो. माका खंय त्यांका जेवूक घालूचां असा?”

बायका हसल्या. गुणाजीला हसावं लागलं. अंबिका मात्र नवऱ्याकडे बघत होती, आणि ती हसत नव्हती.

गुणाजीचं घराणं कुडाळकडचं, चित्रकथ्यांचं. देवळात समई लावून बसायचं, एकेक चित्र उभं धरायचं आणि त्या चित्रातली गोष्ट गाऊन सांगायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. बाप मरताना चित्रांची पोथी देऊन म्हणाला होता, “झिला, चित्र मुकां ठेवू नको. आणि धरलेली कथा अर्धी सोडू नको.” मुंबईत येऊन गुणाजीनं गिरणी केली, गोदी केली, पण नशिबानं त्याला परत चित्रांपाशीच आणून बसवलं. लालबागला लाकडाच्या एका बंद वखारीत फरामजी शेठनं हलत्या चित्रांचा खेळ लावला होता. शेठ यंत्राचा दांडा फिरवी, आणि पडद्याशेजारी उभं राहून काय चाललंय ते लोकांना सांगायचं काम गुणाजीचं.

आगगाडी येते हे सांगायला काही लागत नसे. लोक आपणच बाकं सोडून पळत. समुद्राची लाट आली की पुढच्या रांगेतले धोतरं सावरत. पंचाईत झाली ती जपानी बायकांची चित्रं असलेल्या पट्टीनं. पडद्यावर तीन बायका. पायघोळ कपडे, हातात पंखे. एवढंसं पाऊल टाकायचं, पंखा उघडायचा, कपाळाशी धरायचा, मिटायचा, सावकाश फिरायचं. पहिल्या दोघी फिरून पुन्हा समोर तोंड करत. तिसरी पाठमोरी झाली की पट्टी संपे.

पहिल्या दिवशी वखारीत कुणाला काही कळेना. मग मागून एकजण म्हणाला, “ही फुगडी काय रे?”

“फुगडीत हात धरतात, मेल्या.”

“मग पिंगा असेल.”

“असला पिंगा घातला तर मंगळागौर दिवाळीपर्यंत जागवावी लागेल!”

खेळ संपल्यावर गुणाजीनं शेठला विचारलं, “शेठ, ह्या नाचाचा अर्थ काय?”

“अर्थ?” फरामजी शेठ कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “अरे बाबा, जपानी बायडी नाचते. अर्थ तू सांगायचा नी! लोक गप बसले तर उद्या आपला धंदा पण गप बसेल.”

हे जे झालं ते आषाढातच झालं, आणि त्याच आठवड्यात जयवंतच्या बोटीवरचा महादेव तांडेल चाळीत आला. मंजुळा गिरणीत होती. तांडेलानं दारातूनच गुणाजीला बाहेर बोलावलं आणि एक गाठोडं त्याच्या हातात दिलं.

“जयवंतचं हे. सिंगापूरच्या अलीकडे पाण्यात सोडला आम्ही त्याला. ताप भरला नि तिसऱ्या दिवशी आटोपला.”

“अरे देवा.”

“बायकोला तुम्ही सांगा. तुम्ही गाववाले, शिवाय कथेकरी माणूस. तुमच्या तोंडाला सांगायची सवय. मला नाही हो जमायचं ते.”

गाठोड्यात एक बंडी, चिलीम, आणि मेणकागदात गुंडाळलेला एक जपानी पंखा. निळ्या कागदाचा, मुठीशी लाल दोरा. बायकोसाठीच घेतला असणार. गुणाजी गाठोडं मांडीवर घेऊन मंजुळेची वाट बघत बसला. ती आली. पायऱ्यांवरूनच ओरडली, “भावजी, आज खात्यात सायबान आमका लवकर सोडल्यान!” आणि तिच्या त्या आनंदावर आपण पाणी कसं ओतायचं, म्हणून त्यानं गाठोडं मांडीखाली सरकवलं. उद्या सांगू. उद्या संकष्टी निघाली. परवा तिचं अंग कणकणत होतं. मरणाची बातमी सांगायला चांगला दिवस शोधायला गेलं, तर पंचांगात तो सापडत नाही.

गाठोडं पोथीच्या फडक्यामागे गेलं. अंबिकेला त्यानं सांगितलं. अंबिकेनं रडत रडत सुभद्रेला सांगितलं. पुढचं चाळीनं सांभाळलं.

आणि इकडे वखारीत त्या तिघी रोज नाचत होत्या. चित्र मुकं ठेवू नये. एके संध्याकाळी गुणाजीच्या तोंडून आपोआप निघालं, “ऐका हो! ह्या आहेत जपानच्या खलाशांच्या बायका. हातातला पंखा म्हणजे तारवाचं शीड. कपाळाशी धरला, म्हणजे दूर नजर लावली. पंखा मिटला, शीड उतरलं. तारू बंदराला लागलं! आता ही तिसरी, हिचा धनी धक्क्यावर उतरलाय. ती त्याच्याकडे धावतेय, म्हणून आपल्याला पाठमोरी!”

वखारीत “वा!” झालं. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. शेठनं पट्टी पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी हातात काहीतरी हवं म्हणून त्यानं गाठोड्यातला पंखा नेला. चित्रकथ्याचा हात रिकामा असला की जीभ अडखळते, असं त्यानं स्वतःला समजावलं. पंखा उघडायचा, मिटायचा, लोक खूश. मेलेल्या माणसानं बायकोला आणलेली वस्तू आपण तमाशाला काढली, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याला ती गोष्ट आवडायला लागली होती. तिच्यात जयवंत रोज संध्याकाळी धक्क्यावर उतरे. वखारीतून घरी आलं की मात्र टोकाच्या खोलीत कंदील लागलेला असे, आणि गुणाजी आपल्या खोलीत शिरताना वहाणा हातात घेई.

रविवारी दुपारी वखार बायकांनी भरली. मंजुळा पुढच्या बाकावर, अंबिकेला खेटून. गुणाजीनं सकाळपासून मनात घोळवून ठेवलं होतं: आज गोष्ट बदलायची. आज म्हणायचं, ह्या बायका निरोप देतायत. शीड दिसेनासं झालं. पाठमोरी झाली ती रडायला. कथेतून सांगितलेलं दुःख माणूस हळूहळू पितो. तिला कळेल, मग बाहेर जाऊन हात जोडू.

पट्टी लागली. तिघी पडद्यावर आल्या.

“ऐका, बायांनो,” गुणाजी म्हणाला. “ह्या आहेत खलाशांच्या बायका...”

पडद्याचा उजेड मंजुळेच्या तोंडावर हलत होता. ती जरा पुढे वाकली होती. नाचणाऱ्या बायकांकडे ती बघतच नव्हती. त्यांच्यामागे जो काही एवढासा मुलूख दिसत होता, एक झाड, एक कौलाची कड, तिथे ती कुणाला तरी शोधत होती.

गुणाजीचा हात वर गेला. पंखा फट्‌कन उघडला.

“... आणि तारू बंदराला लागलं!” तो ओरडला. “तिसरीचा धनी आला!”

बायकांनी टाळ्या पिटल्या. एकीनं तर कानशिलावर बोटंही मोडली. अंबिका तेवढी पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती.

“भावजी,” अंधारातून मंजुळेचा आवाज आला, “ती तिसरी कित्याक वळणा नाय?”

“वळता, वयनी! पट्टी आखूड असा म्हणान दिसणा नाय.”

“परत लावूक सांगा.”

शेठनं परत लावली. तिसरी वळली नाही. बायका म्हणाल्या, अजून एकदा. तिसरी तरीही वळली नाही.

खेळ सुटल्यावर बायका अंगणात आल्या. मंजुळा सरळ गुणाजीपाशी आली. पंखा त्याच्या हातातच राहिला होता.

“बघू,” म्हणून तिनं तो घेतला, उघडला, तोंडाशी हलवला. “वारो बरो येता.”

मग मिटला. मुठीच्या लाल दोऱ्याच्या गाठीवर तिचा अंगठा जरा वेळ टेकून राहिला.

“तुमका होयो तर...” गुणाजी पुटपुटला.

“नको. तुमचां काम अडात,” म्हणत तिनं पंखा त्याला परत दिला, आणि अंबिकेबरोबर चालू लागली. सुटलो, असं गुणाजीला वाटलं. लगेच त्या सुटण्याची त्याला लाज वाटली.

नारळी पौर्णिमेला गिरणीतून सुट्टी घेऊन मंजुळा सकाळीच दारात उभी राहिली. नवं लुगडं, हातात हळदकुंकू लावलेला नारळ.

“भावजी, माझ्याबरोबर वरळीक येवक होया. घोव दर्यार असलो तर नारळ पुरुषान सोडूचो. नाव घेवन.”

गुणाजीनं अंबिकेकडे बघितलं. अंबिकेनं त्याचं उपरणं आणून त्याच्या खांद्यावर टाकलं. “जावा,” एवढंच म्हणाली. मग तीही मागून निघाली.

वरळीच्या किनाऱ्यावर कोळीवाडा लोटला होता. होड्यांना पताका, बायकांच्या डोक्यात फुलं, ढोल. समुद्राला उधाण होतं. मंजुळा गर्दी सोडून पलीकडच्या खडकापाशी गेली, जिथे कुणी नव्हतं. घोटाभर पाण्यात दोघं उभी राहिली. अंबिका मागे वाळूवर.

मंजुळेनं नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला.

“नाव घ्या.”

“जयवंत,” गुणाजी म्हणाला.

पुढचे शब्द किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पलीकडे शंभर तोंडं तेच म्हणत होती: सुखरूप ये. गुणाजीच्या तोंडातून ते निघेनात. वखारीत जी जीभ रोज लोकांचे धनी धक्क्यावर उतरवायची, ती इथे, खऱ्या समुद्रापुढे, टाळ्याला चिकटून बसली. लाट आली, गेली. ओंजळीतला नारळ जड होत चालला.

“पुढचां म्हणा, भावजी.”

गुणाजीनं नारळ ओंजळीत फिरवला.

“पट्टी आखूड नाय,” मंजुळा म्हणाली. ती समुद्राकडे बघत होती. “मी लय विचार केलंय. ती तिसरी वळणा नाय, कारण तिका कळलां हा. वळली तर तिचां तोंड लोकांका दिसतला. मगे त्यांका बोलूचां लागात. म्हणान ती बिचारी पाठ करून उभी रवता. लोकांचो खेळ मोडू नये म्हणान.”

“वयनी...”

“मीय तशीच उभी असंय. त्या पंख्याची गाठ बघितलंय तेव्हापासून. त्याआधी सुभद्रेक ठसको लागलो, तेव्हाय मी काय म्हटलंय नाय. बायका माझ्या हातचा कुंकू घेणत नाय, मी काय म्हटलंय नाय. बाजूच्या खोलीत तुम्ही वहाणा हातात घेवन शिरतात, ताय माका आयकाक येता. सगळी चाळ माका सांभाळता म्हणान मी चाळीक सांभाळतंय.”

मागे वाळूवर अंबिका खाली बसली होती.

“आता माझी पाठ दुखाक लागली, भावजी,” मंजुळा म्हणाली. “तुम्ही सांगा.”

“तुका... तुमका ठाऊक असा तर मी कित्याक...”

“तेचो निरोप तुमच्याकडे इलो. माझ्या तोंडान मी बोललंय तर तो मीच मारल्यासारखो होतलो. तुम्ही कथेकरी ना? चित्र मुकां ठेवू नये म्हणतात ना तुम्ही?”

गुणाजीनं घसा खाकरला. सवयीनं आवाज वर चढला. “कापूस उतरवून तारू परत निघालं, वयनी, आणि सिंगापूरच्या अलीकडे, भर दर्यात...”

“गोष्ट नको,” ती म्हणाली.

आणि ती वळली. तिचं तोंड त्याच्यासमोर आलं. कपाळावर तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं कुंकू, घामानं एका कडेला उतरलेलं. एवढ्या दिवसांत गुणाजीनं तिच्याकडे असं बघितलंच नव्हतं.

“जयवंत मेलो, वयनी,” तो म्हणाला.